वरून नर, आतून मादी

३ मार्च

बारके,

आशीर्वाद शेवटी देतो. आधी कामाचं.

गांडूळ, उभं केलं तर माझ्या खांद्याला लागेल एवढं, पाठीचं झाकण उचललं की आतली नळी न् नळी दिसणारं. हायड्रा तीन, पैकी एकाला बाजूने कळी फुटलेली. यकृतातला चपटा कृमी, पानासारखा. पट्टकृमी, ज्याचा प्रत्येक तुकडा सुटा होतो आणि परत बसतो. जळू. गोगलगाय, शंख वेगळा आणि जीव वेगळा. तारामासा, एक हात तुटलेला आणि तिथून नवा फुटत असलेला. झुरळ.

एवढं मी या दोन हातांनी केलं. कुठल्या कलाशाळेची पायरी चढलो नाही, साचा कसा ओततात हे मला कुणी दाखवलं नाही. पहिल्या गांडुळाच्या वेळी परसातली माती उपसून गांडुळं काढली, जेवायच्या ताटात पाणी घालून टाचण्यांनी पसरली आणि भिंगाखाली एकेक कडं मोजलं. तुझी आई त्या ताटात अजून कुणाला वाढत नाही.

आपल्या प्रतिकृतींची ही यादी संग्रहालयाच्या बाईंनी मागितली होती, नव्या दालनाच्या माहितीपत्रकासाठी. जळू आणि झुरळ यांच्या आतलं काम तुझं आहे हे मला माहीत आहे. यादी लांबू नये म्हणून लिहिलं नाही.

आता मुद्दा. दालन पंचवीस तारखेला उघडतंय. आपल्या सगळ्या वस्तू काचेच्या कपाटांत लागल्या, खाली पितळी पाट्या बसतायत. बाई हसतमुख आहेत, पण हातात कायम पेन्सिल. काल त्यांनी मला बोलावून विचारलं, "झुरळाच्या पाटीवर नर लिहू की मादी?"

मी तोंड उघडलं होतं. नर. मी नर केला आहे. शेपटीच्या टोकाशी गाठीगाठींच्या दोन शेंड्या नरालाही असतात आणि मादीलाही, पण त्यांच्या मध्ये खालच्या अंगाला जे दोन बारीक काटे असतात ते फक्त नराला. ते मी पितळेच्या तारेचे केलेत, वर लाखेचा हात दिलाय. पोट अरुंद ठेवलंय, पंख शेपटीच्या पुढे नेलेत. सगळं नराचं.

पण बाईंच्या हातात झाकण होतं आणि त्या आत बघत होत्या. आत अंडाशय. दोन्ही बाजूंनी आठ-आठ नळ्या, त्यांत मणी ओवल्यासारखी अंडी, आणि मागे अंड्यांची पेटी.

वरून नर, आतून मादी. बारके, तीस वर्षांच्या कामात माझ्या हातून असली वस्तू बाहेर पडलेली नाही. बाईंना म्हणालो, जरा खातरी करून सांगतो. त्यांनी भुवई वर केली. झुरळ करणाऱ्यालाच झुरळ विचारून यावं लागतं, असं त्यांना वाटलं असणार.

हे झालं कसं, ते उघड आहे. बाहेरच्या खोलीत मी, आतल्या खोलीत तू, आणि मध्ये निरोप्या तुझी आई. मापाची पट्टी ती घेऊन आली, रंगाचा नमुना ती घेऊन गेली. "बाबा विचारतात छातीचा भाग किती खोल?" "तिला सांग चार बोटं." नर करायचा की मादी, हे आईकरवी विचारायला दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. तू आतलं बसवून वर फडकं टाकून तुझ्या गावी निघून गेलीस. मी फडकं ओढलं, झाकण घातलं, शेपटीचे स्क्रू पिळले. आत पाहिलं नाही. तूच म्हणाली होतीस, यापुढे आतल्या खोलीत पाऊल टाकू नका. मग मी आतल्या वस्तूतही डोकावलो नाही.

तेव्हा बदल तुला करावा लागेल. नराचं आतलं सोपं आहे, मादीपेक्षा पसारा कमी. वृषणं चरबीत दडलेली असतात, तिथे तीन-चार पांढरे पुंजके पुरतील. मागे ती छत्रीसारखी ग्रंथी. तू मनावर घेतलंस तर आठवड्याचं काम. इथे यायला जमत नसेल तर तिथेच कर. जावई दाताच्या कवळ्या करतो, त्याच्याकडे मेण, प्लास्टर, भट्टी सगळं असणारच. लोकांचे दात चार दिवस थांबतील.

फोन करणार होतो. तुझी आई म्हणाली, "लिहा. लिहिताना तुम्ही ओरडत नाही."

आशीर्वाद.

बाबा


८ मार्च

बारके,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही.

दालनात रोज जातोय. बाईंना सांगितलं, जळवेचा स्टँड हलतो, तो बघायला आलो. स्टँड हलत नाही. मी झुरळाच्या कपाटासमोर उभा राहतो आणि पाटीसाठी पाडलेल्या रिकाम्या चौकोनाकडे बघतो. बाकी सगळ्या पाट्या बसल्या. परवा बाई सहज म्हणाल्या, उद्घाटनाच्या आधल्या दिवशी महाविद्यालयाची प्राणिशास्त्राची मंडळी बघायला येणार आहेत. त्या सहज म्हणाल्या, मला मात्र जेवण गेलं नाही. पहिला माणूस झाकण उचलणार, खाली वाकून शेपूट बघणार, आणि दुसऱ्याला कोपराने ढोसणार. मग एक झुरळच खोटं ठरत नाही. ते म्हणतील, याचं गांडूळ तरी खरं आहे का? शाळा न शिकलेल्या माणसाला एकच चूक परवडत नाही. शिकलेल्याला दहा माफ असतात.

मी माझी बाजू पुन्हा तपासली. स्वयंपाकघरात मोरीच्या तोंडाशी बरणी आडवी लावून झुरळं धरली. तुझी आई ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आयुष्यभर मारा मारा म्हणून घर डोक्यावर घेतलंत, आता पकडायला बरण्या मागता." पाच मिळाली. भिंग लावून बघितली. तिघांना काटे, दोघींना नाहीत. एकीच्या शेपटीतून पेटी अर्धी बाहेर आलेली, तांबूस, घेवड्याच्या दाण्याएवढी, काठाला दातेरी शिवण. ती तशीच घेऊन पळत होती. मग कुठल्याशा भेगेत नेऊन चिकटवते आणि निघून जाते, मागे वळून बघत नाही. पेटीतली पोरं आपली आपण शिवण उसवून बाहेर येतात.

माझं निरीक्षण बरोबर होतं एवढंच म्हणायचंय. मी काटे डोळ्यांनी बघून केले.

तुझी आई म्हणते, ज्याचं बदलायला सोपं त्याने बदलावं. तिला ते शेपटीचे दोन काटे दिसतात. पोटाची रुंदी दिसत नाही, पोटाखालची सातवी पट्टी दिसत नाही. मादीची सातवी पट्टी होडीसारखी असते, मागे दुभंगलेली, तिच्या आत पेटी तयार व्हायची जागा. ती काटे कापून होत नाही. मागचं अख्खं अंग नवं करावं लागतं. आणि ते मी का करावं? माझं चुकलेलं नाही.

तुझंही चुकलेलं नाही, असं तू म्हणशील.

गांडुळाच्या बाबतीत हा घोळ झालाच नसता. त्याच्यात दोन्ही असतं, नरही तोच आणि मादीही तोच. पूर्वी शाळेतली पोरं बघायला यायची तेव्हा मी हे ऐटीत सांगायचो, हा कुणावर अवलंबून नाही. एकदा तू, दहा-अकरा वर्षांची असशील, सगळ्यांसमोर म्हणालीस, "पण बाबा, त्यालाही दुसरं गांडूळ लागतंच. दोघं उलटसुलट झोपतात आणि देवघेव करतात, मगच अंडी होतात." पोरं हसली. मी तुला त्या दिवशी काय बोललो ते आठवत नाही, चांगलं नसणार.

निदान मातीत करून पाठव. फक्त आकार. ओतायचं मी बघतो. हात मी लावणार नाही, फक्त ओतीन. जळवेसारखं होणार नाही.

खर्चाची काळजी नको. टपाल मी भरीन.

बाबा


१२ मार्च

बारके,

आधीची दोन्ही पत्रं रद्द समज. काही करू नकोस. मातीला सुद्धा हात लावू नकोस. ओतकामाचं रेझिन असेल तर ते घराबाहेर ठेव, डबा उघडा असेल तर तू उचलू नकोस, त्याला उचलायला सांग.

कसं कळलं ते लिहितो, नाहीतर तू आईवर चिडशील, आणि तिचा दोष नाही. तिने तोंडातून अक्षर काढलं नाही.

ती आठवडाभर जुन्या चादरी फाडून त्यांचे चौकोन करत होती आणि मशीनवर कडा दुमडत होती. मला वाटलं माझ्या कामाच्या खोलीसाठी. मऊ सुती फडकं मला कायम कमी पडतं. मनात म्हटलं, इतक्या वर्षांनी या बाईला माझी गरज कळली. गठ्ठ्यातले वरचे दोन घेतले आणि लाखेचा हात पुसला. ती दारात आली, हातातून फडकं ओढलं आणि म्हणाली, "त्याला रंग लावू नका."

मी म्हणालो, फडक्याला रंग लावायचा नाही तर काय करायचं?

"ती तुमच्या झुरळासाठी नाहीत."

मग मी कडा बघितल्या. फडक्याच्या कडा कुणी इतक्या बारीक शिवत नाही, आतल्या बाजूला वळवून, टोचू नये म्हणून. मी मनात महिने मोजायला लागलो तेवढ्यात ती म्हणाली, "सुरू झालं का मोजणं? म्हणूनच ती म्हणाली होती, बाबांना सांगू नको, ते तारखा मोजत बसतील."

मी मोजणं थांबवलं. थांबवलं म्हणजे, बाहेर येऊन पुरं केलं.

तू आतल्या खोलीत होतीस तेव्हाच होतं. सारखी उठून नळाशी जायचीस, मला वाटायचं काम टाळते. खिडकी सताड उघडी ठेवायचीस, मला वाटायचं मला चिडवायला, कारण वाळत्या रंगावर धूळ बसते हे तुला मीच शिकवलंय. आईला म्हणालोही, तिला सांग खिडकी लाव. तिने तुला सांगितलं का? सांगितलं नसेल तर बरं. मला ते कळव. एवढं एक कळव. तिला विचारलं तर म्हणते, आता काय करायचंय ते जाणून.

डॉक्टरांना रेझिनचं सांगितलंस का? नाव स्पष्ट सांग, नुसतं रंगकाम म्हणू नकोस. रंगकाम म्हटलं की त्यांना भिंती वाटतात. चपड्या लाखेने काही होत नाही, ती मीही पोटात घातली असेल चुकून. पण रेझिनचा वास डोक्यात जातो. तोंडाला फडकं बांधायचीस ना? ओलं की कोरडं? कोरड्याने काही अडत नाही.

पाय सुजतात का? तुझ्या वेळी तुझ्या आईचे सुजायचे. खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट घे. जावयाला सांग तिरका पाट करून दे, पुढची बाजू दोन बोटं वर. त्याला दोन बोटं म्हणजे किती ते दाखव, नाहीतर दाताच्या मापाने करेल.

प्रवास करू नकोस. दालनाचं मी बघतो.

मला सांगितलं नाहीस हे ठीक आहे. मी मोजत बसतो हे खरं आहे.

बाबा


१५ मार्च

बारके,

तुझा निरोप पोचला.

आई स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. मी बाहेर पटाशीला धार लावत होतो. तुझी आई म्हणते, धार लावण्याचा आवाज येत नव्हता. फोन ठेवून ती बाहेर आली. "ती म्हणते, आतलं बरोबर आहे. बाहेरचं बघा."

मी विचारलं, एवढंच?

"एवढंच. आणि ओरडू नका म्हणाली."

मी ओरडलो नाही. जरा चालून आलो. मग संग्रहालयात गेलो, बाईंना म्हणालो, ही वस्तू मला आठवडाभर परत हवी. त्यांनी कारण विचारलं. मी खरं कारण सांगितलं. म्हणजे असं, की बाहेरचं मी नराचं केलं आणि आतलं मादीचं झालं. त्या पेन्सिल कानावर खोचून म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही का?" मी म्हणालो, आमच्यात तशी पद्धत नाही. त्या हसायला लागल्या. मला हसण्यासारखं त्यात काही दिसलं नाही, पण वस्तू द्यायला तयार झाल्या म्हणून मीही हसलो.

वस्तू घरी आणली. टेबलावर चित करून शेपटीचे स्क्रू काढले, मग पाठीचं झाकण. आणि खुर्ची ओढून आत बघत बसलो. बारके, आतलं तू केल्यापासून हे मी पहिल्यांदा नीट बघितलं. बाईंनी दाखवलं तेव्हा मला त्यात फक्त चूक दिसली होती.

सोळा नळ्या. शेंड्याला केसाएवढ्या, खाली येता येता मणी मोठे होत गेलेले, आणि प्रत्येक मण्यात पिवळ्याचा वेगळा अंश. वरचे जवळजवळ पाण्यासारखे, खालचे दाट. हा रंग मला जमला नसता. मी एकच पिवळा करून सगळ्यांना दिला असता आणि वर सांगितलं असतं की अंडं ते अंडं. पेटीचं कवच करणाऱ्या ग्रंथीच्या बारीक फांद्या तू कशाच्या केल्यास? दोरा मेणात बुडवून? तो वाळताना आखडतो, तुझा आखडला नाही. हे कसं केलंस ते सवडीने सांग.

डावीकडच्या तिसऱ्या नळीत एक मणी कमी आहे. सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगितलं. मी त्याला हात लावलेला नाही.

जळवेच्या वेळी लावला होता. तुझ्या आतल्या पिशव्या मला उथळ वाटल्या, मी त्या फोडून नव्याने ओतल्या आणि तुला कळवलं नाही. तू कपाटात बघितल्यावर तुला कळलं. त्यावर आपलं जे व्हायचं ते झालं. पिशव्या उथळच होत्या, हे माझं मत आजही आहे. ते तुला सांगून, तुझ्याकडून करवून घ्यायचं होतं, एवढं फक्त वेगळं.

आता गंभीर गोष्ट. मागची अंड्यांची पेटी तू अर्धी बाहेर येत असलेली केलीस. ती बाहेर यायला माझ्या शेपटीत जागाच नव्हती. झाकण लावताना मला काहीतरी अडतंय असं लागलं होतं. मी समजलो बिजागरी. स्क्रू दाबून पिळले. पेटीचा वरचा कोपरा दबलाय, शिवणीपासून बारीक तडा गेलाय, एका बाजूचं टवकं निघून आत पडलं होतं. ते मी चिमट्याने काढून काडेपेटीत ठेवलंय.

काल दुपारपासून ती काडेपेटी खिशात घेऊन फिरतोय. मला ते पाऊण तासात दुरुस्त करता येईल, सांधा दिसणारही नाही. पण ते काम तुझं आहे. परवानगी असेल तर करतो. नको म्हणालीस तर तसंच राहू दे, तडा गेलेली पेटी काही जगात नसते असं नाही.

लवकर कळव. दहा दिवस उरलेत. तुझ्यावर घाई नाही. पण लवकर कळव.

बाहेरचं मी करतोय. काटे काढले. तारेला मुळाशी गरम सळई लावली, निघून आले. मागचं अंग नवं ओततोय, रुंद, आणि सातवी पट्टी होडीसारखी. बरणीतल्या दोघी अजून जिवंत आहेत, त्यांच्याकडे बघून करतोय. कानशीची धूळ तुझ्या कामावर पडू नये म्हणून आत झाकायला काही शोधत होतो, तेव्हा तुझ्या आईने चौकोनातला एक स्वतःहून आणून दिला. म्हणाली, धुऊन परत करा.

बाबा


२४ मार्च

बारके,

तुझी चिठ्ठी सतरा तारखेची, मला एकोणिसाला मिळाली. घरात येईपर्यंतही थांबलो नाही, तिथेच फाटकाशी उभा राहून वाचली. ती इथे उतरवून घेतो, म्हणजे मी सगळं केलं की नाही ते तुला ताडून बघता येईल.

"कोपरा तुम्ही करा. टवकं तेच लावा, नवं नको. रंगात तपकिरी आणि थोडा लाल. काळा घालू नका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत काळा घालता. तिसऱ्या नळीत एक मणी मुद्दाम कमी आहे, सगळ्या नळ्या एकदम पिकत नाहीत. आईने खिडकीचं मला कधी सांगितलं नाही. पाय सुजत नाहीत."

शेवटची दोन वाक्यं आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मला माहीत आहे." मग तुम्हा दोघींना हे सगळं माहीत असताना मी एकटाच का फिरतोय खिशात काडेपेटी घेऊन, असं मी म्हणालो. त्या रात्री तिने भाताबरोबर लोणचं वाढलं, जे डॉक्टरांनी मला बंद केलंय.

काळा घातला नाही. डबी उघडली होती. परत बंद केली. टवकं तेच लावलं. सांधा दिसतो, अगदी जवळ जाऊन बघितलं तर. भरून काढला असता, पण तेच लावा म्हणालीस, तर तेच लावल्याचं दिसलं तरी चालेल असा मी अर्थ घेतला. चुकला असेल तर सांग.

मुद्दाम कमी आहे हे मला सुचलं नव्हतं. मी मोजलं आणि चूक म्हटलं. दोन दिवस मी तो मणी डोक्यातून काढू शकलो नाही. बरणीतली एक मेली तेव्हा तिला उघडून बघितली, तुझं बरोबर निघालं. हे तू कुठे बघितलंस, ते विचारायचंय. समोर आलीस की विचारीन.

मागचं अंग बसलं. पेटी आता होडीतून अर्धी बाहेर येते, झाकण एका बोटाने मिटतं, कुठे अडत नाही. स्क्रू मी शेवटपर्यंत पिळलेच नाहीत, अर्धा आटा सैल ठेवलाय. चालतं.

आज महाविद्यालयाची मंडळी येऊन गेली. मी दाराशी उभा होतो, हात मागे बांधून. वयाने मोठे असलेले प्राध्यापक वाकले, शेपूट बघितली, झाकण उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मला वाटलं संपलं. मग ते संग्रहालयाच्या बाईंना म्हणाले, "मुलांना आणायला हवं." एवढंच. मला एक शब्द विचारला नाही, कौतुकही केलं नाही. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. इतके दिवस छातीत काहीतरी धरून ठेवलं होतं, ते सोडायला जमत नव्हतं. अजून जमलेलं नाही. वस्तू सुटली, पण आता तुझी काळजी राहिली, आणि तिला दालन नाही की उद्घाटन नाही.

पाटीवर मादी लिहिलंय. खाली करणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी बाईंना म्हणालो, बाहेरचं माझं, आतलं माझ्या मुलीचं, आणि दोघांचं वेगवेगळं लिहा, नाहीतर उद्या कुणी आतलंही माझं समजेल. त्या म्हणाल्या, पितळेवर अक्षराचे पैसे पडतात. मी म्हणालो, माझी अक्षरं कमी करा.

तुझी आई रविवारी निघते तुझ्याकडे. तिच्याबरोबर चौकोनांचा गठ्ठा आहे, त्यातले दोन लाखेचे डाग पडलेले, ते खालच्या बाजूला. एक खोकं मी देतोय, जड आहे, ते जावयाने उचलायचं, तू नाही. त्यात तुझे साचे आहेत, जळवेचे जुने आणि झुरळाच्या आतले सगळे, प्रत्येक वेगळा भुशात बसवून. ते इथे माझ्या फळीवर होते, पण ते माझे नाहीत, म्हणून पाठवतोय. मी येऊ की नको हे तू आईला सांग, ती मला सांगेल. मी आलो तर मोजणार नाही. मोजलं तर मोठ्याने नाही.

आता एक गोष्ट, जी मी आईलाही सांगितलेली नाही. तुला सांगतोय कारण निम्मी तुझी आहे, आणि दुसऱ्या कुणाकडून कळली तर तू माझ्यावर चिडशील. चिडायचं असेल तर समोर बसवून चिड, फोनवर नको.

आजच्या मंडळींबरोबर शाळांना साहित्य पुरवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर होता. नीटनेटका माणूस, वस्तूंना हात लावण्याआधी विचारायचा. सगळे गेल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. त्याला आपली अख्खी मालिका हवी, गांडुळापासून झुरळापर्यंत, साचे कायमचे त्यांचे, प्लास्टिकमध्ये हजारांनी काढणार. मी ऐकून घेतलं. मला मोह झाला नाही असं म्हणत नाही. खोली गळते, माझे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि तुझ्याकडे आता खर्च वाढणार. मी विचारलं, आतलं कसं ओतणार, त्या नळ्या प्लास्टिकमध्ये निघणार नाहीत. तो म्हणाला, "आतलं काढून टाकू. झाकणाखाली छापील चित्र चिकटवू, मुलांना तेवढं पुरतं."

मी झाकण उचलून त्याला पुन्हा एकदा आत दाखवलं. तो म्हणाला, सुंदर आहे, पण परवडत नाही. खोटं बोलत नव्हता.

तू तिथे असतीस तर कदाचित हो म्हणाली असतीस. तुला विचारायला हवं होतं, हे मला त्याच्यासमोरच कळलं, पण तो उत्तरासाठी उभा होता. मी माझ्या साच्यांपुरतं उत्तर दिलं. तुझे खोक्यात येतायत, त्यांचं तू ठरव, कारखान्याचा पत्ता खोक्यात वरच ठेवलाय.

त्याने सगळ्याचे मिळून नऊ लाख चाळीस हजार सांगितले. मी नाही म्हणालो.

आशीर्वाद.

बाबा